गोल्फचे फटके घड्याळावर नोंदवताना

माझ्या सात नंबरच्या आयर्ननं (गोल्फच्या काठ्यांना क्लब म्हणतात, त्यातला हा एक) चेंडू १२० यार्ड जातो, असं मी चार वर्षं धरून चालले होते. मनगटावरच्या जीपीएस गोल्फ घड्याळात त्याचे तीस फटके जमले आणि मधला आकडा निघाला १०४. खारघरच्या सिडकोच्या मैदानावरचा कॅडी, म्हणजे क्लबची बॅग उचलणारा सोबती, दर रविवारी सांगायचा, "मॅडम, सात नंबर पुरणार नाही." त्याचं म्हणणं मला पटलं ते आकडे पाहिल्यावर. तुमचंही असंच काही चालू असेल, तर नोंद ठेवण्याची माझी पद्धत सांगते.

घड्याळ पुढच्या हातावर बांधा. उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी तो डावा हात. चेंडूला फटका बसतानाचा धक्का मनगटावरच्या सेन्सरला तिथं नीट कळतो. पट्टा सैल ठेवू नका, आणि त्या हातातलं कडं खेळापुरतं दुसऱ्या हातात घाला. मैदानाचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर अपडेट करून ठेवा. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, पाचएक मिनिटं आधी पोहोचून घड्याळात राउंड सुरू करा, म्हणजे जीपीएसला जागा पकडायला वेळ मिळतो. स्पर्धेत खेळत असाल तर चढउतार धरून अंतर सांगणारी सोय बंदच ठेवा. २०१९पासून नियमांनी अंतर मोजायला मुभा दिली आहे, चढउतार मोजायला नाही. स्पर्धेचे स्थानिक नियमही एकदा विचारून घ्या.

घड्याळ अंतर कसं काढतं, हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं. चेंडू हवेत किती गेला हे त्याला दिसत नाही. एका फटक्याची जागा आणि पुढच्या फटक्याची जागा यांतलं अंतर ते धरतं, म्हणजे घरंगळणंही त्यातच आलं. मे महिन्यात खारघरचा फेअरवे (टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा) टणक होतो आणि ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, मारला की चेंडू पळत सुटतो. जुलैत तोच चेंडू पडला तिथंच रुततो. म्हणून मी पावसाळ्याच्या राउंड वेगळ्या ठेवते. दोन्ही एकत्र केल्या तर येणारी सरासरी कुठल्याच महिन्याला लागू पडत नाही.

कुठला क्लब मारला हे साध्या घड्याळाला आपोआप कळत नाही. आर्कोस, शॉट स्कोप किंवा गार्मिन या कंपन्यांचे सेन्सर क्लबच्या मुठीच्या टोकाला लावता येतात. माझ्याकडे ते नाहीत. प्रत्येक फटक्यानंतर चालता चालता मी पडद्यावर क्लब निवडते, दोन सेकंदांचं काम. पुढच्या होलवर करू म्हटलं की राहूनच जातं.

आणि चुका होतातच. सरावाच्या स्विंगमध्ये क्लब जमिनीला लागला की तो फटका म्हणून चढतो. ग्रीनलगतची (ग्रीन म्हणजे होलभोवतालचं बारीक गवत) हलकी चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, सुटून जाते. चेंडू पाण्यात गेला तर दंडाचा फटका आपणच घालायचा. पटचं, म्हणजे ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायच्या फटक्याचं, तर घड्याळावर सोडूच नका. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि पटिंगचा सगळा खेळच तेवढ्या अंतराचा असतो. पहिल्या पटचं अंतर मी पावलांनी मोजते आणि होल संपला की पट किती लागले ते भरते. सोबत्यांनी "ओके" म्हणून सोडलेला पटही एक म्हणून धरायचा.

त्याच संध्याकाळी फोनवर राउंड उघडून झालेला गोंधळ निस्तरा. मला पंधरा मिनिटं लागतात. दोन दिवस गेले की सहाव्या होलचा दुसरा फटका हायब्रिडनं (आयर्न आणि लाकडी क्लब यांच्या मधला प्रकार) मारला की पाच नंबरच्या आयर्ननं, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता आकडे वाचायचे कसे? सरासरीपेक्षा मधला आकडा बघा. टॉप होऊन, म्हणजे चेंडूच्या वरच्या भागाला क्लब लागून, चाळीस यार्डांवर थांबलेला एक फटका सरासरी पार बिघडवतो. सगळी अंतरं चढत्या क्रमानं लिहा आणि मधलं घ्या. क्लब निवडताना तेच धरा. आयुष्यात एकदाच बसलेला लांब फटका त्या कामाचा नाही.

मग 'स्ट्रोक्स गेन्ड' बघा. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी रुजवलेली ही मोजणी, सरासरीच्या तुलनेत फटके किती कमावले-गमावले हे सांगणारी. अमेरिकेतल्या पीजीए टूरचे व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, म्हणजे तिथून त्यांना सरासरी दीड फटका लागतो. तुम्ही एकात घातला तर अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. हे कळल्यापासून आठ फुटांवरून पट चुकला की मी हळहळत नाही. तुलना मात्र तुमच्याच हँडिकॅपच्या, म्हणजे तुमच्याच पातळीच्या खेळाडूंशी लावा, ॲपमध्ये बहुधा ती सोय असते.

माझ्या नोंदीत खरं नुकसान ग्रीनच्या दिशेनं मारलेल्या फटक्यांत दिसलं. ४१पैकी २९ फटके ग्रीनच्या अलीकडेच पडले होते, डावी-उजवीकडची चूक त्या मानानं किरकोळ होती. त्यामुळे स्विंगला हात न लावता मी फक्त क्लब बदलला. आता ११५ यार्ड दिसले की पाच नंबर हायब्रिड काढते, आणि सरावाच्या जाळीत अर्धा तास त्याच एका क्लबला देते.