नर्सरीतून आणलेली सीतेची वेणी खरंच तीच आहे का, कसं ओळखायचं

मे-जूनमध्ये गुलाबी-पांढरा गजरा लोंबणारं ऑर्किड दिसलं की सगळे सरसकट सीतेची वेणी म्हणून मोकळे होतात, नर्सरीत तर फॉक्सटेल एवढीच चिठ्ठी लावलेली असते आणि त्या एका नावाखाली दोन-तीन वेगवेगळी झाडं खपून जातात. रंग आणि गजरा बघून नाव ठरवू नका, एक फूल तोडा आणि बाजूने बघा, निम्मं काम तिथेच होतं.

खरी सीतेची वेणी म्हणजे रिंकोस्टायलिस रेट्युसा. आपल्याकडे कोकणात, सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या खोडावर वाढते, आसामात हीच कोपौ फूल, बिहूला बायका अंबाड्यात माळतात, तिथलं राज्यफूल आहे आणि अरुणाचलचंही.

आधी पानं बघा. जाड, चामड्यासारखी, मधोमध पन्हळ पडलेली, आणि टोक नीट टोकदार नसून दोन असमान भागांत कापल्यासारखं. पण पानांवर फार विसंबू नका हं, एरिडीस या दिसायला जवळच्या दुसऱ्या ऑर्किडची पानंही बरीचशी अशीच, फूल येईपर्यंत थांबलेलं बरं.

आता ते फूल, दीड-दोन सेंटीमीटरचं. पांढऱ्या कागदावर ठेवा, दहापट मोठं दाखवणारं भिंग मिळालं तर उत्तम. पाच पाकळ्या पांढऱ्या, त्यावर जांभळट-गुलाबी ठिपके, त्या बाजूला ठेवा आणि सहावी जी वेगळी दिसते, लिप, तिच्याकडे लक्ष द्या. रेट्युसाची लिप गर्द गुलाबी जिभेसारखी, सलग, आणि तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी दाबलेली चपटी पिशवी असते, ती मागे देठाकडे वळलेली. एरिडीस मॅक्युलोसामध्ये, जी आपल्या घाटात भरपूर आहे आणि सगळ्यात जास्त घोळ हिचाच होतो, लिपचे तीन भाग, मधला मोठा नि रुंद, आणि बुडाची नळी पुढच्या बाजूला, लिपच्या खाली वळते. एरिडीस क्रिस्पा असेल तर मधल्या भागाची कड चुणीदार, फाटल्यासारखी दिसते. गजऱ्यातही फरक आहे, रेट्युसाची फुलं इतकी दाट की मधला दांडा दिसतच नाही, शंभराच्या वरही असतात, एरिडीसमध्ये दांडा मधूनमधून डोकावतो.

आणि हिवाळ्यात फुललं तर? मग बहुतेक ती थायलंडकडची रिंकोस्टायलिस जायगँटिया, पानं चांगलीच रुंद, गजरा आखूड, फुलं मोठी, वास जोरदार, लिपच्या टोकाला बारीक तीन भाग. पूर्ण पांढरी, लाल असे प्रकार बाजारात दिसतात ते जास्त करून हिचेच. निळसर फुलं आणि गजरा वर उभा असेल तर रिंकोस्टायलिस कोएलेस्टिस, तीही तिकडचीच.

वर्णन लिहून ठेवताना नुसतं "सुंदर गुलाबी फुलं" लिहू नका, त्यातून कोणालाच काही कळत नाही. पानाची लांबी-रुंदी, टोकाचा आकार, गजरा पानाच्या बगलेतून निघतो का, देठासकट त्याची लांबी, अंदाजे किती फुलं, एका फुलाची रुंदी, लिप आणि पिशवीचा आकार, वास कधी येतो, फुलायची तारीख, झाड कुठून आणलं, एवढं पाहिजेच. रंग ताज्या फुलाचाच लिहा, वाळल्यावर बदलतो. फोटो तीन तरी: पूर्ण झाड, फूल समोरून, आणि फूल बाजूने शेजारी फुटपट्टी ठेवून. हा तिसरा कोणी काढत नाही आणि नाव विचारायला मात्र पहिला पाठवतात! फूल मधोमध उभं चिरून पिशवीची आतली बाजू दाखवलीत तर जाणकार माणूस लगेच सांगेल.

फुलाशिवायचं झाड असेल तर चिठ्ठीवर पेन्सिलीने नुसतं "रिंकोस्टायलिस किंवा एरिडीस" लिहा आणि बहर येईस्तोवर वाट बघा. पडताळायला म्हणून जंगलातलं झाड उपटून आणू नका, तिथलं फूल जागेवरच बाजूने बघता येतं.