नव्या विद्यार्थ्याला लेखनाच्या कोणत्या वर्गात बसवावं

'प्लेसमेंट' म्हटलं की सगळ्यांना नोकऱ्या आठवतात, म्हणून मी या कामाला वर्गनिवड म्हणते. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला लेखनाच्या पायाभूत वर्गात बसवायचं, नेहमीच्या वर्गात, की तो टप्पा ओलांडून पुढे पाठवायचं, हे सेमिस्टर सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. बारा वर्षं मी हे करते आहे. तुमच्याकडे ही जबाबदारी नव्यानं आली असेल आणि टेबलावर पेपरांचा गठ्ठा येऊन पडला असेल, तर एक विनंती: तो गठ्ठा आज उघडू नका.

आधी आपले वर्ग माहीत करून घ्या. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत 'मूलभूत लेखनकौशल्ये' असं लिहिलेलं असतं, त्यावरून काहीही कळत नाही. पायाभूत वर्ग शिकवणाऱ्यांना गाठा आणि विचारा की पहिल्या तीन आठवड्यांत मुलं काय लिहितात, किती लिहितात आणि कुठे अडतात. नेहमीच्या वर्गाच्या शिक्षकांनाही हेच विचारा. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा कळलं की आमच्या पायाभूत वर्गात महिनाभर परिच्छेद कसा लिहायचा हे शिकवतात. आम्ही तिथे धाडत होतो त्या बहुतेक मुलांना परिच्छेद लिहिता येतच होता. त्यांची गाडी अडत होती ती दुसऱ्याचा लेख वाचून त्यावर स्वतःचं म्हणणं मांडताना. आणि ते शिकवलं जात होतं वरच्या वर्गात! ज्या मुलांना जे शिकायचं होतं, त्यापासून आम्हीच त्यांना सहा महिने लांब ठेवत होतो.

पेपर वाचायला माणसं निवडतानाही हेच ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम स्मिथ यांनी एक फार शहाणी पद्धत वापरली होती. वाचणाऱ्यांनी पेपरला गुण द्यायचेच नाहीत. ज्यांनी तो वर्ग नुकताच शिकवला आहे त्यांनी पेपर वाचायचा आणि एवढंच सांगायचं की हा विद्यार्थी माझ्या वर्गातला आहे का. गुण देताना आपल्या डोळ्यांसमोर एक आदर्श निबंध असतो. 'माझ्या वर्गातला का' हे ठरवताना समोर गेल्या वर्षीची खरी मुलं उभी राहतात. माझा अनुभव असा की दुसऱ्या प्रश्नावर शिक्षकांचं एकमत लवकर होतं.

आता लिहायला काय द्यायचं? 'माझा आवडता छंद' छापाचे विषय नकोत. त्यावर पाठ केलेला निबंध येतो आणि तो वाचून काहीच ठरवता येत नाही. दीड-दोन पानांचा एखादा लेख द्या, ज्यात लेखकानं ठाम बाजू घेतली आहे. तो आदल्या दिवशी वाचायला द्या, म्हणजे वाचनाचा वेग आडवा येत नाही. लिहिणं मात्र वर्गात बसून, दोन तास, शब्दकोश हाताशी. घरून लिहून आणायला सांगण्याची पद्धत मला खरं तर जास्त आवडायची, पण एआय आल्यापासून घरून आलेल्या लेखनावर वर्ग ठरवणं मी थांबवलं आहे.

पेन की कीबोर्ड, हे विद्यार्थ्याला ठरवू द्या. हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही सगळ्यांना संगणकावरच लिहायला लावायचो. एका मुलाचा पेपर अर्ध्या पानाचा आला आणि मी त्याला पायाभूत वर्गात टाकलं. सेमिस्टर संपताना त्याच्या शिक्षिकेनं मला त्याच्या वहीतलं लेखन आणून दाखवलं. चार-चार पानं, मुद्द्याला मुद्दा जोडलेला, खाडाखोड करून सुधारलेलं. त्याला टाइप करता येत नव्हतं, बास. त्या वर्गाचं क्रेडिट पदवीसाठी धरलं जात नव्हतं, म्हणजे त्याचं एक सेमिस्टर आणि एक फी गेली. मी त्याला विचारलं, तू तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "मला वाटलं, मॅडम, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल." या कामात आपल्यावर विश्वास टाकणारं मूल हे असं असतं. ते भांडायला येत नाही.

आता गठ्ठा उघडा. वाचायचं कसं, हे दोन पेपरांवरून दाखवते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लेख होता 'वाचनालयात संपूर्ण शांतताच हवी' असं म्हणणारा. पहिल्या पेपरची सुरुवात, "वाचनालय हे ज्ञानाचे मंदिर आहे." मग पहिला फायदा, दुसरा फायदा, तिसरा फायदा, आणि शेवटी "अशा प्रकारे शांततेचे महत्त्व अनन्यसाधारण आहे." शुद्धलेखनाची एक चूक नाही, अक्षर मोत्यासारखं. पण दिलेल्या लेखातलं एकही वाक्य त्यात नाही. तो लेख वाचलाच नसता तरी हा निबंध असाच लिहिला गेला असता.

दुसऱ्या पेपरात पहिल्याच ओळीत दोन चुका. त्यातला मधला भाग असा होता:

"लेखक म्हणतात शांतता सगळ्यांना सारखि मिळते. माझ्या भावाला मोठ्याने वाचल्याशीवाय कळत नाही मग त्याला शांतता मिळाली कि वाचनालय बंद झाले. लेखक म्हणतिल त्याला वेगळी खोली द्या. ते बरोबर आहे पण मग नीयम शांततेचा राहिला नाही खोल्यांचा झाला."

या चार वाक्यांत काय काय झालंय बघा. लेखकाचं म्हणणं सांगितलं. त्याला न बसणारं एक उदाहरण दिलं. लेखक त्यावर काय उत्तर देईल हे स्वतःच ओळखलं, ते मान्य केलं, आणि मान्य करूनही पुढचा मुद्दा काढला. नेहमीच्या वर्गात सेमिस्टरच्या मध्यावर आम्ही जे शिकवतो ते या मुलीला आत्ताच येतं. तिच्या चुका मोजल्या तर वीसेक निघाल्या, पण प्रकार दोनच: ऱ्हस्व-दीर्घ, आणि दोन वाक्यांच्या मध्ये स्वल्पविराम न देणं. चुकांची संख्या मोजू नका, प्रकार मोजा. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९७० मध्ये प्रवेश सर्वांना खुला झाल्यावर मीना शॉनेसी यांनी अशा मुलांचे हजारो पेपर वाचले आणि दाखवून दिलं की चुकांमागेही एक तर्क असतो, तो कळला की शिकवता येतं. या मुलीला आम्ही नेहमीच्या वर्गात बसवलं, सोबत शुद्धलेखनासाठी आठवड्याला एक तास. 'ज्ञानाचे मंदिर' लिहिणारा मुलगाही नेहमीच्याच वर्गात गेला, पण त्याच्या शिक्षकांना मी चिठ्ठी लिहिली की याला वाचलेल्यावर लिहायची सवय नाही, पहिल्या आठवड्यापासून लक्ष असू द्या.

ज्यांची घरची भाषा वेगळी आहे त्यांचे पेपर स्वतंत्र वाचा. लिंग, विभक्ती, शब्दयोगी अव्यय यांच्या चुका नव्या भाषेत वर्षानुवर्षं राहतात, विचार कितीही पक्का असला तरी. त्या चुकांसाठी कोणाला खालच्या वर्गात पाठवू नका, तिथे त्यावर उपाय नसतोच.

प्रत्येक पेपर दोघांनी वाचायचा, एकमेकांचं मत न बघता. हे वेळखाऊ वाटेल, पण एकट्याच्या मतावर किती विसंबावं ते १९६१ साली अमेरिकेतले संशोधक पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून ठेवलं आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध त्यांनी ५३ जणांना वाचायला दिले आणि नऊ श्रेणी ठेवल्या. वाचणाऱ्यांत भाषेचे प्राध्यापक होते, तसेच विज्ञानाचे प्राध्यापक, संपादक, वकील, उद्योगातली माणसंही होती. ९४ टक्के निबंधांना सात किंवा त्याहून जास्त वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. तोच निबंध एकाला उत्तम, दुसऱ्याला टाकाऊ. तेव्हा वाचायला बसण्याआधी सगळ्यांनी मिळून गेल्या वर्षीचे पाच-सहा पेपर वाचा आणि मोकळेपणानं वाद घाला. दोन मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याला द्या, आणि तिघांतही एकमत नसेल तर वरचा वर्ग.

'शंका आली की वरचा वर्ग' यावर माझ्याशी खूप जण वाद घालतात. मुलाला झेपलं नाही तर? काळजी खरी आहे. पण दोन्हीकडच्या चुका सारख्या दिसत नाहीत. वरच्या वर्गात चुकून गेलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात धडपडताना दिसतं, त्याला मदत देता येते. खालच्या वर्गात चुकून गेलेलं मूल चांगले गुण मिळवतं आणि सगळे खूश असतात, म्हणून ती चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचे (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक महाविद्यालयांचे) आकडे तपासून ज्युडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलं की निव्वळ चाचणीवर वर्ग ठरवल्यामुळे इंग्रजीत सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थी अगदीच चुकीच्या जागी बसवले जात होते, आणि त्यांत नको तितक्या खाली बसवलेल्यांची संख्या जास्त होती. शाळेतले गुण सोबत धरले तर या चुका कमी होतात, असंही त्यात निघालं. बारावीपर्यंतचे गुण म्हणजे अनेक वर्षांचे, अनेक शिक्षकांचे निकाल. दोन तासांच्या पेपरपेक्षा त्यांना कमी लेखू नका.

वरच्या वर्गात पाठवायचं तर हाताला धरून पाठवायचं. बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात २००७ पासून पीटर अ‍ॅडम्स यांनी पायाभूत गटातल्या मुलांना थेट नेहमीच्या वर्गात बसवलं आणि त्यांच्यासाठी त्याच शिक्षकांचा एक छोटा मदतवर्ग लगेच पुढच्या तासाला ठेवला. मदतवर्ग त्याच शिक्षकांचा असावा, हे महत्त्वाचं. आम्ही एका वर्षी वेगळे शिक्षक नेमले आणि मुलांना दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं ऐकावं लागलं.

आणि विद्यार्थ्यालाच विचारा. मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठानं १९९६ मध्ये निबंध-परीक्षा बाजूला ठेवून, दोन्ही वर्गांत काय असतं ते मुलांना नीट समजावून सांगितलं आणि निवड त्यांच्यावर सोपवली. मी पूर्ण निवड सोडत नाही, पण दहा मिनिटं प्रत्येकाशी बोलते. "तुला लिहिता येतं का?" असं विचारून उपयोग नाही, लाजाळू मूल नाही म्हणतं आणि धीट मूल हो म्हणतं. मी विचारते: आजवर लिहिलेलं सगळ्यात लांब काय, किती पानं? कोणी शेरे देऊन पुन्हा लिहायला लावलं होतं का? त्या दुसऱ्या खेपेला काय बदललंस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "अक्षर सुधारलं" असं आलं, की या मुलाला पुनर्लेखन कधी कोणी शिकवलंच नाही हे कळतं. "मधला भाग काढून टाकला" असं आलं तर मी निर्धास्त होते. पेपर दाखवूनच बोला. मग वर्ग सुचवा आणि कारण सांगा. मूल अजिबात पटवून घेत नसेल तर त्याचं ऐका, आणि तसं फायलीत लिहून ठेवा.

निर्णयाचं पत्र साधं असू द्या. 'अपात्र', 'कमकुवत' हे शब्द त्यात येऊ देऊ नका. कोणता वर्ग, का, तिथे पहिल्या महिन्यात काय लिहाल, आणि पटलं नाही तर कोणाला, कधीपर्यंत भेटायचं, एवढं पुरे. भेटायची तारीख ठळक छापा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाला वर्गातच एक पान लिहून घ्यायला सांगा आणि त्याच संध्याकाळी वाचायला. कोणी चुकीच्या जागी बसलंय असं वाटलं तर दुसऱ्या आठवड्याच्या आत वर्ग बदलता आला पाहिजे. यासाठी वेळापत्रक ठरवणाऱ्यांशी उन्हाळ्यातच बोलून ठेवा आणि दोन्ही वर्ग एकाच वेळेला ठेवून घ्या. वेळा जुळत नसल्या तर वर्ग बदलणं कागदावरच राहतं. आमच्याकडे वेळा जुळवल्या त्या वर्षी नऊ मुलं वर सरकली, त्याआधीच्या वर्षी एकही नाही.

सेमिस्टर संपलं की पायाभूत वर्गात पहिले आलेले दहा जण शोधा. त्यांचे प्रवेशाच्या वेळचे पेपर फायलीतून काढा आणि ज्यांनी ते वाचले होते त्यांनाच पुन्हा वाचायला द्या, नाव झाकून. या मुलांना तेव्हाच वर पाठवता आलं असतं का, हे त्यांच्याशी बोलून नोंदवा. पुढच्या वर्षी पेपर वाचायला बसताना सुरुवात या दहा पेपरांपासून करा.