टाळाटाळ मोजता मोजता

'उद्या करू' या माझ्याच सवयीवर एक छोटं वेब-ॲप बनवत होतो. काम सुरू करताना ते विचारतं, 'किती वेळ लागेल?' मग घड्याळ लपवतं. काम संपलं की, 'किती वेळ गेला असं वाटतं?' आणि त्यानंतरच खरा आकडा.

पहिल्या चाचणीला रिटर्नची कागदपत्रं जुळवायला घेतली. अंदाज 15 मिनिटं, वाटली 25, भिंतीवरच्या घड्याळात गेली 40. ॲप म्हणे 5 मिनिटं 35 सेकंद! खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

चूक मोजणीत होती. मी दर सेकंदाला आकडा एकाने वाढवत होतो. पण टॅब मागे जाऊन पाच मिनिटं झाली की क्रोम त्याचे टायमर मिनिटाला एकदाच चालवतो. 2021 पासून, बॅटरी वाचावी म्हणून. त्यामुळे उरलेल्या 35 मिनिटांचे झाले 35 सेकंद. मग मोजणंच काढून टाकलं. सुरुवातीची वेळ लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या कायम साठ्यात ठेवली आणि शेवटी 'डेट.नाऊ'मधून, म्हणजे त्या क्षणाच्या वेळेतून वजा केली. आता टॅब चुकून बंद केला तरी हिशेब शाबूत.

'वाटलेला वेळ' आधी स्लायडरवर घेत होतो, तर बोट आपोआप मधोमध थांबायचं. तिथे आता रिकामा रकाना आहे.