पूरग्रस्तांच्या उपजीविकेचा प्रकल्प कसा चालवावा: बेळगाव सीमाभागासाठी मार्गदर्शन

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या काठच्या गावांनी २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी मोठे पूर सोसले. चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग, गोकाक या तालुक्यांत पूर ओसरल्यावर पुनर्वसनाचे काम घेणाऱ्या संस्थांनी आणि तरुण मंडळांनी काम कसे आखावे, हे येथे मांडले आहे. ज्यांचे नाव सरकारी कागदावर नाही, त्यांच्यापासून प्रकल्पाची आखणी सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. उताऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यापर्यंत शासन उशिरा का होईना पोहोचते. वाटेकरी, शेतमजूर, भाड्याच्या खोलीतला कारागीर आणि एकट्याने संसार चालवणारी बाई यांच्यापर्यंत मात्र संस्था पोहोचली नाही, तर कोणीच पोहोचत नाही.

कामाची सुरुवात काळजी केंद्रातच, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी तात्पुरत्या निवाऱ्यातच करावी. शाळेत किंवा मंगल कार्यालयात लोक राहत असताना निवाऱ्याची किमान पातळी सांभाळावी लागते. आपत्तीतल्या मदतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांप्रमाणे माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी आणि ३.५ चौरस मीटर छताखालची जागा हवी. पण याच दिवसांत माणसे एकत्र आणि बोलण्याच्या मनःस्थितीत असतात, म्हणून उपजीविकेची माहितीही याच वेळी घ्यावी. घरी परतल्यावर प्रत्येक जण चिखल उपसण्यात गुंततो, आणि मग सर्वेक्षणाला दाराशी आलेल्या माणसाला कोणी धड उत्तर देत नाही.

लाभार्थ्यांची यादी हा प्रकल्पाचा कणा आहे आणि तिच्यावर जितका वेळ घालवाल तितका थोडाच. पंचायतीची नोंद घर क्रमांकावर चालते. समजा, एकाच मातीच्या घरात तीन भाऊ राहतात. स्वयंपाक वेगळा, देणेघेणे वेगळे, रेशन कार्डही वेगळे, पण घर क्रमांक एकच आणि तोही वारलेल्या वडिलांच्या नावावर. पंचनाम्यात ते एक घर ठरते, नुकसानीच्या अ, ब किंवा क वर्गात एकदाच बसते आणि भरपाईही एकदाच येते. थोरला ती घेतो आणि धाकट्या दोघांच्या घरी भांडण सुरू होते. म्हणून आपली यादी चुलीवरून करावी: किती चुली पेटतात, प्रत्येक चुलीमागे कमावते हात किती, आणि पूर येण्याआधी त्या घरात पैसा कुठून येत होता. शेवटचा प्रश्न घरातल्या बाईला वेगळा विचारावा, कारण विड्या वळण्याचे, दुधाचे किंवा शिवणकामाचे उत्पन्न पुरुषाच्या सांगण्यात बऱ्याचदा येतच नाही.

यादी तयार झाली की चावडीवर वाचून दाखवावी, कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. सरकारी अर्ज कन्नडमध्ये असतात आणि नदीकाठच्या अनेक घरांत ते वाचणारे कोणी नसते, म्हणून प्रत्येक गावात दोन्ही भाषा लिहिता-वाचता येणारा एक स्थानिक तरुण मानधनावर नेमावा. नाव का वगळले, हे विचारणाऱ्याला सात दिवसांत लेखी उत्तर मिळेल, असा नियम पहिल्याच सभेत जाहीर करावा आणि पाळावा.

शासन काय देते हे नीट समजून घेतल्याशिवाय आपला निधी ठरवू नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२–२६ या काळासाठीच्या निकषांत दुभती गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये धरलेले आहेत; पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असेल तरच मदत मिळते आणि तिला २ हेक्टरची मर्यादा आहे. यात कोणत्या फटी राहतात ते लगेच दिसते. वाहून गेलेल्या जनावराचा पुरावा हाती राहत नाही. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याचा बी-बियाणे, खत आणि मजुरीचा खर्च बुडतो, पण भरपाई उताऱ्यावरच्या मालकाला मिळते. संस्थेने आपला पैसा या फटींत घालावा. जिथे तलाठी आणि तहसीलदार कार्यालयातून पैसा येणारच आहे, तिथे फक्त अर्ज भरून देण्याची, पासबुक आणि आधारची दुरुस्त प्रत काढून देण्याची मदत करावी. हे काम छायाचित्रात शोभत नाही, पण कुटुंबाला त्याचा मोठा आधार होतो.

आता मदत कोणती द्यावी हा प्रश्न, आणि त्याचे उत्तर हंगामावर अवलंबून आहे. म्हशीचेच उदाहरण घेऊ. पुरानंतर सप्टेंबरात म्हशी वाटल्या तर त्यांना घालायचे काय? नदीकाठची वैरण कुजलेली असते, कडबा भिजलेला असतो, आणि उसाचे वाडे साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाल्यावरच मुबलक मिळते. मधल्या काळात चारा विकत घेता न आल्याने कुटुंब तीच म्हैस पडत्या भावात विकून टाकते. तेव्हा एक तर म्हशीबरोबर गाळप सुरू होईपर्यंतच्या चाऱ्याची तरतूद करावी, नाहीतर जनावराची खरेदी गाळपाच्या सुरुवातीला ठेवावी आणि तोवर घरखर्चासाठी रोख रक्कम द्यावी. एकाच आठवडी बाजारात एकदम पन्नास जनावरे घेऊ नयेत. भाव चढतात आणि गावातल्या इतर गरजूंना ती परवडेनाशी होतात.

अथणी आणि निपाणी भागातल्या चप्पल कारागिरांची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांत बेळगावचाही समावेश आहे, पण मानांकनाने भिजलेले चामडे परत येत नाही. रापी, आरी आणि ऐरण घेऊन देणे सोपे असते. खरा अडसर उधारीचा असतो: चामडे व्यापाऱ्याकडून उधार घेतलेले, ते पुरात गेले, देणे मात्र उभे. जुने देणे फिटल्याशिवाय व्यापारी नवा माल देत नाही, किंवा तयार माल आपल्यालाच कमी भावात घालायची अट टाकतो. अवजारांच्या संचाआधी कर्जाची नोंद घ्यावी, आणि खेळत्या भांडवलाची रक्कम त्या नोंदीवरून ठरवावी. चपलेच्या वेण्या विणणाऱ्या बायकांचे नाव लाभार्थी म्हणून स्वतंत्र धरावे.

गाव उंच जागी हलवण्याचा विषय निघाला तर घाई करू नये. २००९ च्या पुरानंतर उत्तर कर्नाटकात आसरे या पुनर्वसन योजनेतून घरे बांधली गेली, त्यांतली काही ठिकाणची घरे रिकामी राहिली, कारण शेत लांब पडले आणि गोठ्याला जागा नव्हती. नकाशा ठरण्याआधी गोठा, गंजीची जागा, शेताकडे जाणारा रस्ता आणि पाण्याची सोय यांबद्दल लोकांशी बोलावे, आणि प्लॉट नवरा-बायको दोघांच्या नावे मागावा.

हिशेबाबाबत थोडक्यात: परदेशी देणगी घेणार असाल तर तिच्याविषयीच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, हे भागीदार निवडण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे. वाटपाचा तपशील गावात फलकावर लावावा.

मूल्यमापन वाटपानंतर लगेच करू नये. एक गाळप हंगाम आणि एक पावसाळा उलटू द्यावा. मग प्रत्येक चुलीला तीनच गोष्टी विचाराव्यात: दिलेली म्हैस किंवा यंत्र अजून घरात आहे का, सावकाराचे किंवा व्यापाऱ्याचे देणे वाढले की घटले, आणि कोणी कामासाठी गाव सोडून गेले का. वाटलेल्या संचांच्या संख्येपेक्षा या उत्तरांतून प्रकल्पाची खरी अवस्था कळते.

संस्था निघण्यापूर्वी चुलीनिहाय यादीची प्रत ग्रामपंचायतीत आणि संजीविनी या कर्नाटकाच्या ग्रामीण उपजीविका अभियानातल्या महिला गटाकडे ठेवावी. महाराष्ट्रातल्या कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातून येणारे पाणी आणि सदलग्याजवळची दूधगंगेची पातळी रोज पाहून फळ्यावर लिहिण्याची जबाबदारी पावसाळ्यापुरती गटातल्या दोघींकडे द्यावी, म्हणजे जनावरे वेळेवर हलवता येतील. पुढच्या पुरासाठी निधीचा एक हिस्सा गटाच्या खात्यात राखून ठेवावा आणि तो केव्हा, कोणाच्या सहीने काढायचा याचा ठराव संस्था गावात असतानाच करून घ्यावा.