पाण्यातल्या जीवांची नावं सांगताना या चुका टाळा

सगळ्यात आधी सुसर, कारण ही चूक जिवावर बेतू शकते. सांगलीकडे कृष्णाकाठची माणसं नदीतल्या मगरीला सर्रास सुसर म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलीत आणि त्यात काही वावगं नाही. घोळ होतो तो पुस्तक उघडल्यावर किंवा व्हिडिओ बघितल्यावर, कारण तिथे सुसर म्हणजे घडियाल, लांब निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी, माणसाच्या वाटेला न जाणारी. मग कोणीतरी पोरांना सांगून टाकतं की सुसर काही करत नाही, उतरा बिनधास्त. अहो, घडियाल कृष्णेत नाहीच, ती चंबळ, गंगेकडची. कृष्णेत, महाडच्या सावित्रीत, चिपळूणच्या वाशिष्ठीत जी आहे ती रुंद तोंडाची मगर, आणि ती माणसावर हल्ला करू शकते. नाव काहीही घ्या, आपल्या नदीत दिसली तर मगर समजूनच लांब राहायचं, आणि घाटावर किंवा वस्तीत आली असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरवर कळवायचं.

दुसरा घोळ ‘पाणसाप’ या एका शब्दाचा. विहिरीत, भातखाचरात, ओढ्यात दिसते ती बहुतेक वेळा दिवड, काही ठिकाणी तिलाच विरोळा म्हणतात. चावते कडकडून पण बिनविषारी आहे, आणि बिचारी उगाच मारली जाते. याच्या उलट समुद्रात जाळ्यात येणारा साप. त्यालाही कोणी ‘पाण्यातलाच आहे, विष नसतं’ म्हणून हाताने सोडवायला गेलं तर ते भयंकर आहे, कारण समुद्री साप विषारी असतात. शेपटी बघा, वल्ह्यासारखी चपटी असेल तर हात लावायचाच नाही. आणि नीट ओळखता येत नसेल तर तो गोड्या पाण्यातला असला तरी लांबच राहा, कारण नाग-घोणसही पाण्यात पोहतात.

ऊद आणि उदमांजर यात तर जवळजवळ सगळेच फसतात. ऊद म्हणजे पाणमांजर, नदी-खाडीत मासे खाणारं, सिंधुदुर्गात आणि गोव्यात खाडीकाठी अजून दिसतं. नावात मांजर असलं तरी मांजराच्या कुळातलं नाही. उदमांजर मात्र वेगळंच, रात्री कौलांवरून, माडांवरून फिरणारं, कांडेचोर म्हणतात ते. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. आता गावातल्या कोणी ‘माळ्यावर ऊद आलाय’ म्हटलं आणि तुम्ही पाणमांजराची नोंद करून टाकली, तर त्या नोंदीचा उपयोग शून्य, उलट पुढच्या माणसाची दिशाभूल.

पक्ष्यांत पाणकावळा. पंख पसरून वाळवत बसलेला काळा पक्षी दिसला की लगेच पाणकावळा म्हणू नका, तिरंदाजही तसाच बसतो. चोच बघा, टोकाला आकड्यासारखी वळलेली असेल तर पाणकावळा, सरळ टोकदार असेल आणि मान सापासारखी असेल तर तिरंदाज. आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी हा बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला आहे.

कमळ की कुमुद (वॉटर लिली) हे ठरवताना लोक फुलाचा रंग बघतात, तिथेच चुकतं. पान बघा. कमळाच्या पानाला चीर नसते, देठ बरोबर मध्ये खालून जोडलेला असतो. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत खाच असते. पान पाण्यावर टेकलेलं आहे की वर उचललेलं यावर जाऊ नका, कारण कमळाची कोवळी पानंही तरंगतात. कासच्या कुमुदिनी तळ्यातली झालरीसारख्या कडेची बारीक पांढरी फुलं तर या दोन्हींपेक्षा वेगळ्याच कुळातली आहेत. आणि हो, मखाना हे कमळाचं बी नाही, ती बिहारच्या मिथिलेतली काटेरी पानांची वेगळी वनस्पती आहे.

बाजारात हलवा मासा ‘काळं पापलेट’ म्हणून मिळतो, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. २०२३ मध्ये राज्यमासा ठरलं ते रुपेरी पापलेट. शिंगाडा मागताना मात्र जपून, मिश्यावाल्या माशालाही काही ठिकाणी शिंगाडाच म्हणतात आणि उपवासाच्या पिठाचं फळही शिंगाडा.

नोंद करताना गावातलं नाव खोडून पुस्तकातलं टाकू नका. दोन्ही लिहा, सोबत गावाचं नाव, पाणी गोडं की खारं, आणि चोच, शेपटी किंवा पान नीट दिसेल असा एक फोटो.