लंबक वर्गात: पाण्याची बाटली, वाळूची बाटली आणि जीची किंमत

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, 9.8 मी/से² असतो हे मुलांना पाठ असतं. म्हणून ‘जी काढा’ म्हटलं की निम्मे गट उत्तराकडून आकड्यांकडे येतात. हे टाळायचं तर सूत्र फळ्यावर शेवटी लिहा.

एका लंबकाला लागणारं सामान: एकाच मापाच्या दोन लहान प्लास्टिक बाटल्या, मासे धरायचा तंगूस दीड मीटर, दोन लाकडी फूटपट्ट्या, रबरबँड, मोजपट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच. सोलापुरात मागावरचं सूत सहज मिळतं, पण ते घेऊ नका. पीळ सुटतो, बाटली गरगर फिरते आणि दोरा ताणतो.

एक बाटली पाण्याने आणि दुसरी कोरड्या वाळूने काठोकाठ भरा. अर्धवट भरली तर गुरुत्वमध्य खाली जातो, पाणी हिंदकळतं आणि तुलना बिघडते. तंगूस दोन पट्ट्यांच्या चिमटीत धरा, रबरबँड घट्ट लावा. पट्ट्या कपाटावरून बाहेर काढून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. खिळ्याला नुसती गाठ मारली तर दोरा खिळ्यावर गुंडाळतो-सुटतो आणि लांबी प्रत्येक झोक्यात बदलते. पट्टीच्या खालच्या कडेपासून झाकणापर्यंत 100 सेंमी ठेवा. ही लांबी बाटली टांगल्यावरच मोजा.

आता हात वर करून मत घ्या: जड बाटली लवकर झुलेल की हलकी? आकडे फळ्यावर लिहा, मगच सोडा. बाटली बाजूला 15 सेंमीपेक्षा जास्त ओढायची नाही. 30 अंशांवर दोलनकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला (जाऊन-येऊन) लागणारा वेळ, पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जी साडेतीन टक्क्यांनी कमी येतो. पंखा बंद हवा. मार्च-एप्रिलमध्ये ते कोणी सहन करणार नाही, तेव्हा पहिलाच तास घ्या.

20 दोलनांची वेळ मोजा. घड्याळ बाटली मधून जाताना दाबायचं. टोकाला ती रेंगाळते, नेमका क्षण कळत नाही. आणि सुरुवात ‘शून्य’ने. ‘एक’ म्हणून सुरू केलं की मोजली जातात 19 दोलनं, आणि जी 10.8 च्या घरात जातो. ही चूक सगळ्यात जास्त होते. एखाद्या गटाचं उत्तर 11 च्या जवळ आलं तर आधी हेच विचारा.

दोन्ही बाटल्यांची वेळ जवळपास सारखी येते. मग पाण्याची बाटली 50 सेंमीवर टांगून पुन्हा मोजा. बाटलीचा मध्य नेमका कुठे हे कळत नाही, म्हणून एका लांबीवरून जी काढायचा नाही. दोन लांबींचा फरक घेतला की ती अडचण वजाबाकीत जाते: 4π² × 0.5, म्हणजे 19.74, भागिले दोन दोलनकालांच्या वर्गांचा फरक.

समजा वेळा 41.8 आणि 30.6 सेकंद आल्या. दोलनकाल 2.09 आणि 1.53, वर्ग 4.368 आणि 2.341, फरक 2.027, जी 9.74. सोलापूरला खरी किंमत 9.78 च्या आसपास आहे, त्यामुळे हे उत्तर चांगलंच म्हणायचं. पण 41.8 ऐवजी 42.0 वाचलं तर 9.54 येतं. म्हणून प्रत्येक लांबीवर तीनदा मोजून सरासरी घ्या, आणि ज्या गटाचं उत्तर नेमकं 9.80 आलं त्यांची कच्ची वही मागून घ्या.