गिरणीच्या गल्ल्यातली नाणी: दुर्मिळ कोणतं आणि त्याची किंमत किती, हे कसं ओळखायचं

कराडला आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. दळणाचे पैसे आजही बरेच जण चिल्लरीत देतात. रात्री जातं पुसून झालं की गल्ला परातीत ओतायचा आणि एकेक नाणं उलटून बघायचं, ही सासऱ्यांची सवय माझ्या हाती आली. ते म्हणायचे, "पोरी, आधी साल बघ, मग सालाखालचं बघ, मग किमतीचं बोल." मी अजून त्याच क्रमाने जाते.

हत्यारं थोडीच लागतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि एक चुंबक.

सालाखाली बारीक खूण असते, ती टांकसाळीची. हिऱ्याच्या आकाराची चौकट असेल तर मुंबई, पाच टोकांची चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण लोक फसतात ते जुन्या हैदराबादी नाण्यांवर. साठच्या दशकातल्या काही नाण्यांवर चांदणीऐवजी मधे ठिपका असलेली किंवा मधून चिरलेली चौकट आहे. साध्या डोळ्यांना ती मुंबईचीच वाटते. म्हणून नाणं खिडकीशी धरा, तिरपं करा, भिंग डोळ्याजवळ घ्या आणि नाणं भिंगाकडे आणा. एकाच सालाचं नाणं एका टांकसाळीतून भरपूर आणि दुसरीतून अगदी थोडं निघालेलं असू शकतं. किमतीतला फरक बहुतेक वेळा तिथेच असतो.

परदेशी खूण दिसली की लोक हुरळतात. १९८५ च्या जाड रुपयावर सालाजवळ 'एच' सापडतो. ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीची खूण. काही नाण्यांवर मॉस्कोची 'एमएमडी' अक्षरंही येतात. पण देशात नाण्यांची टंचाई होती म्हणून ही बाहेरून पाडून घेतली होती, त्यामुळे ती मोठ्या संख्येने आली. झिजलेल्या 'एच' रुपयाला फार मोल नाही. कोरा करकरीत मिळाला तर जपून ठेवा.

चुंबकाचा उपयोग खोटं पकडायला होतो. १९५० आणि १९५४ चा रुपया शुद्ध निकेलचा, तो चुंबकाला चिकटतोच. चिकटला नाही तर तिथेच थांबा. उलट १९८५ चा रुपया तांबं आणि निकेल मिसळून केलेला, तो चिकटत नाही आणि वजन सहा ग्रॅमच्या आसपास भरतं. १९६८ ते १९७१ मधली पिवळी, कमळाची वीस पैशांची नाणी तर कित्येकांनी सोन्याची म्हणून डब्यात घालून ठेवली आहेत. त्यांच्यात सोन्याचा कण नाही. शिवाय पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, पण संग्रहाला ती चालतात.

आता चांदीच्या रुपयांचं. राणी व्हिक्टोरियापासूनचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंत त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात निम्मीच, ५.८३ ग्रॅम. १९४७ चा रुपया निकेलचा. नाण्यातल्या चांदीचं वजन त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने गुणा, म्हणजे तळाची किंमत कळते. त्याखाली कुणी मागितलं तर देऊ नका. त्यावर जे मिळतं ते साल आणि अवस्था यांचं. १९३९ चा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, म्हणूनच दुसऱ्या सालाचा शेवटचा आकडा कोरून केलेले '१९३९' बाजारात फिरतात. भिंगाखाली त्या शेवटच्या नऊच्या भोवतीची सपाट जागा बघा. घासल्याचे ओरखडे असतील किंवा तेवढाच भाग बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आणि खोलगट दिसत असेल, तर हात आखडता घ्या.

१९११ च्या रुपयाची गोष्ट वेगळी. राजाच्या झग्यावरच्या हारातला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी हरकत घेतली, सरकारने नाणी मागे घेतली आणि पुढच्या वर्षी सोंड सुधारली. आमच्या घरी असा एक होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तो चांदीच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राख लावून घासला. लखलखीत झाला. पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात एका जुन्या व्यापाऱ्याच्या हातावर ठेवला, तर त्यांनी तो नुसता उन्हाकडे तिरपा केला आणि म्हणाले, "धुतलाय, ताई." भिंगातून मलाही दाखवलं. राजाच्या गालावर एकाच दिशेने गेलेले बारीक चरे. त्यांनी चांदीच्या भावापेक्षा किंचितच जास्त देऊ केले. मी तो विकला नाही. पण तेव्हापासून सांगते, नाण्याला पाणीसुद्धा लावू नका. काळवंडलेपण ही बहुतेक वेळा ते न घासल्याची खूण असते.

अवस्था ओळखताना सगळ्यात उंच भाग बघायचा. अशोकस्तंभाच्या नाण्यावर सिंहाच्या छातीवरची आयाळ, जुन्या रुपयावर राजाचे केस आणि कान. तिथली रेघ न् रेघ दिसत असेल तर उत्तम, सपाट झालं असेल तर हातोहाती फिरलेलं. टांकसाळीतून निघालं तसं राहिलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासून आणलेली चमक जागची हलत नाही.

चुकीच्या छापाची नाणी मला सगळ्यात आवडतात. नाणं वर आणि खाली दोन बोटांत धरा, समोरची बाजू सरळ ठेवा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवा. आपल्या नाण्याची मागची बाजूही सरळ यायला हवी. तिरपी किंवा पूर्ण उलटी आली तर साचा फिरलेला आहे. छाप बाजूला सरकलेली नाणी असतात. एका बाजूचा छाप दुसऱ्या बाजूला उलटा आणि खोलगट उमटलेला असेल तर त्याला बाजारात 'लाखी' म्हणतात. मात्र दोन्हीकडे सारखाच छाप असलेलं नाणं दिसलं तर कडेच्या आतली बाजू बघा. दोन नाणी कापून जोडलेली असतील तर सांधा सापडतो, आणि टेबलावर टाकल्यावर आवाजही बद्द येतो.

किंमत काढताना 'मागितलेली' आणि 'मिळालेली' यांत गल्लत करू नका. २०१२ चं वैष्णोदेवीचं पाच किंवा दहा रुपयांचं नाणं लाखात विकतोय म्हणून कुणी फोटो टाकला, तर ती त्याची इच्छा. ही नाणी ढिगाने निघाली आहेत. आमच्या शेजारणीला अशाच नाण्याचे लाख रुपये देतो म्हणून फोन आला आणि आधी नोंदणीचे पैसे मागितले. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय, जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारात ती नसते आणि कसलंही शुल्क घेत नाही. पैसे मागितले की फोन ठेवा.

खरा भाव लिलावांच्या निकालात असतो. तेच साल, तीच टांकसाळ, तशीच अवस्था, असे तीन-चार निकाल शोधा. व्यापारी त्याहून कमी देणार, त्यालाही दुकान चालवायचंय. पुण्यात कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा मी एक नाणं चार टेबलांवर दाखवते आणि पहिल्या टेबलावर कधीच विकत नाही.

कायद्याचंही लक्षात असू द्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, भाच्याला अमेरिकेत भेट म्हणूनही नाही. पाया खणताना नाण्यांचा हंडा सापडला तर सरकारला कळवावं लागतं.

ठेवायला मऊ पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यात नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर मिळतात, ते घ्या. नाणं कडेने धरून आत ठेवा आणि पुठ्ठ्यावर लगेच लिहा, उद्यावर टाकलं की विसरतं. माझ्या एका होल्डरवर आहे: १९८५, एच, ५.९८ ग्रॅम, चुंबक नाही, झीज मध्यम, जोंधळ्याचं दळण, चार किलो.